मोबाईलात अख्खं बायबल आहे, मंग पाठांतर कायले?

जागल्या | मंगळवार, रात्री ११:२०

सर्वांना सलाम. लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहूनच टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती करतो. आमच्या फिडरवर या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, हरभऱ्याला पाणी चालू आहे, आन बाजूच्या वावरात डुकरांनी धुमाकूळ घातला म्हणून ओलीत आन जागल दोन्ही एकाच चकरेत उरकतो. परवा स्प्रिंकलरचे पाईप बदलवले आन माळ्यावर येऊन बसलो. दीडच्या आसपास लाईट गेली. मोटर बंद पडली की वावरात जी शांतता होते ना, ती ज्यानं रात्री ओलीत केलं त्यालेच समजते. धुऱ्याच्या पल्याड काहीतरी फुरफुरलं. रोही असंल, डुक्कर असंल, पण वाघ-बिबट्याच्या गोष्टी इतक्या ऐकल्या आहेत की डोक्यात पहिले तेच येते.

मोबाईल पाहिला तं दोन टक्के. मी रोज झोपायच्या आधी ॲपवर एक स्तोत्र वाचतो, सलग ४०० दिवस झाले असं ते ॲपच दाखवते आन मले त्याचा थोडा गर्व पण होता. आता टॉर्च लावू का स्तोत्र उघडू, हा विचार करता करताच तो मेला.

मंग म्हटलं तोंडानं म्हणू. तेविसावं, दुसरं कोणतं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. हिरवी कुरणं झाली, संथ पाणी झालं, आन तिथून पुढं बंडी चिखलात फसली. दरी आठवते, ताट आठवते, डोक्याले तेल लावल्याचं आठवते, पण आधी काय आन मागून काय, काही लागेना. सहा वचनांचं स्तोत्र आहे हो. मी ३९ वर्षांचा, युवक संघाचा माजी सेक्रेटरी, अन् बाप्तिस्मा, लग्न, मयत सगळीकडं हे स्तोत्र ऐकलेला माणूस.

सकाळी मायले सांगतलं. तिचे डोळे आता कामाचे नाहीत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं पण वाचता येत नाही. ती चुलीपुढं बसल्या बसल्या हसली आन म्हणे, "तुह्यं बायबल चार्जिंगवर चालते काय रे?" आन भाकर थापता थापता पूर्ण तेविसावं म्हटलं, मंग त्याच दमात १२१ पण म्हटलं. मी नुसता पाहत राहिलो.

तं माझा प्रश्न असा की आजच्या काळात पाठांतराची खरंच गरज आहे का? का हे जुन्या लोकांचं, पुस्तकं महाग होती म्हणून? तुम्ही कोणी करता का, करत असाल तं कसं?

---

टीकाकार_तुरीचा | मंगळवार, रात्री ११:५२

गरज नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

आमच्या शब्बाथ शाळेत दर रविवारी सुवर्ण वचन म्हणून दाखवावं लागायचं, नाही म्हटलं तर मास्तर बोटांवर पट्टी मारायचे. आम्ही पोट्ट्यांनी उपाय काढला, योहान ११:३५, "येशू रडला". दोन शब्द, संपलं. एका रविवारी लागोपाठ सात पोरांनी तेच म्हटल्यावर मास्तरांनी त्या वचनावर बंदीच घातली. म्हणजे बायबलातल्या एका वचनावर शब्बाथ शाळेत बंदी, विचार करा! मग आम्ही "निरंतर प्रार्थना करा" वर गेलो.

वर्षाच्या शेवटी ज्याची वचनं जास्त त्याला प्लास्टिकचा टिफिन मिळायचा. तो टिफिन तीनदा जिंकलेला आमचा मित्र आज कुठल्या धंद्यात आहे ते इथं लिहीत नाही. पोपटाला पण राम राम येते हो. पाठ असण्यानं माणूस बदलते असं मला तरी दिसलं नाही.

---

वर्धेकरीण | बुधवार, सकाळी ७:१०

टीकाकार भाऊ, पट्टी मारणं चूकच. पण मी २२ वर्षं नर्सिंग केलं त्यातलं एक सांगते.

पॅरालिसिसचे पेशंट यायचे, काहींची वाचा गेलेली. एक आबाजी होते, बायकोचं नाव घेता यायचं नाही त्यांना, पाणी पाहिजे हे सांगता यायचं नाही, चिडून हात आपटायचे पलंगावर. संध्याकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू झालं की हा माणूस आमच्यासोबत पूर्ण म्हणायचा, शेवटच्या आमेनपर्यंत, शब्द स्पष्ट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांची बायको पदर तोंडाला लावून बाहेरच गेली. मला वाटलं चमत्कार, पण डॉक्टर म्हणाले की असं होतं, स्वतः जुळवून बोलायची वाट मेंदूत वेगळी असते आणि वर्षानुवर्षं घोकलेलं, गायलेलं, मोजलेलं ज्या वाटेनं बाहेर येतं ती वेगळी, त्यामुळे एक वाट बंद झाली तरी दुसरी कधी कधी उघडी राहते. प्रार्थना संपली की परत ते मुके.

मोबाईल त्यांच्या उशाखालीच होता.

---

गुरुजी_झेडपी | बुधवार, सकाळी ९:३५

धागा आवडला. शाळेला निघायच्या घाईत आहे, फक्त कसं करायचं तेवढं सांगतो.

एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये छापले होते, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. निष्कर्ष असा की विसरण्याचा सगळ्यात मोठा खड्डा सुरुवातीलाच असतो, पहिल्या काही तासांत नि एक-दोन दिवसांत. म्हणून रविवारी एका बैठकीत पन्नास वेळा घोकण्यात फायदा नाही. आज, उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने म्हणा. आणि नुसतं परत परत वाचू नका, पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न करा, अडकलं की मगच उघडा. अडकण्यातच पाठ होतं हे मी चौथीच्या पोरांवर रोज पाहतो. जागल्या भाऊंनी ४०० दिवस वाचलं पण मिटून एकदाही आठवलं नाही, माळ्यावर पहिल्यांदाच परीक्षा झाली.

दुसरं, सुटं वचन घेऊ नका, पूर्ण परिच्छेद घ्या. एका वाक्याचं शेपूट धरून दुसरं येतं. सुटं वचन म्हणजे मेळ्यातून हरवलेलं पोरगं, कुणाचं आहे तेच समजत नाही.

---

पाळकबंधू | बुधवार, दुपारी २:१५

प्रभूमध्ये सलाम. गुरुजींच्या शेवटच्या ओळीला शंभर टक्के सहमत, त्यावर मागून येतो.

आधी जागल्यांचा प्रश्न, जुन्या काळी पुस्तकं नव्हती म्हणून का? काही अंशी हो. पण स्तोत्र ११९ उघडून पाहा. मधे मधे आलेफ, बेथ, गीमेल असे मथळे दिसतात, लोक मला विचारतात की ही कोणाची नावं. ती इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतली अक्षरं आहेत. २२ अक्षरं, प्रत्येकाची ८ वचनं, एकूण १७६, आणि मूळ इब्रीत त्या आठांतलं प्रत्येक वचन त्याच अक्षरानं सुरू होतं. जसं आपण क च्या आठ ओळी, मग ख च्या आठ ओळी रचाव्यात. असं लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं तोंडपाठ म्हणणारा माणूस होता हे उघड आहे. विलापगीताचे पहिले, दुसरे, चौथे अध्याय पण असेच २२ वचनांचे. यरुशलेम उद्ध्वस्त झालं त्यावरचं रडणं, आणि तेही अक्षरं लावून, म्हणजे लेकरांच्या तोंडी राहील.

आणि "मनन" हा शब्द. यहोशवा १:८ मध्ये रात्रंदिवस मनन करायला सांगितलंय, आपल्याला वाटतं डोळे मिटून गप्प बसायचं. इब्री शब्द आहे हागा, त्याचा अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं. यशयात हाच शब्द सिंह शिकारीवर गुरगुरतो त्याला वापरलाय (३१:४) आणि हिज्किया राजा आजारपणात पारव्यासारखा घुमत होता तिथंही (३८:१४). म्हणजे मनन हे तोंडानं करायचं काम आहे. आमच्या चर्चच्या पत्र्याखाली पारवे बसतात, संदेश चालू असताना त्यांचं घुमणं चालूच असतं, हे कळल्यापासून मी त्यांना हाकलणं सोडलं.

अवांतर: टीकाकार, "येशू रडला" सर्वात लहान आहे हे आपल्या भाषेत. मूळ ग्रीकमध्ये अक्षरं मोजली तर १ थेस्सल ५:१६ त्याहून लहान भरतं, "सर्वदा आनंदित असा". तुमच्या मास्तरांनी हे सांगितलं असतं तर तुम्ही लोकांनी तेही वापरून संपवलं असतं.

---

खंजिरी | बुधवार, संध्याकाळी ६:४०

मी ख्रिश्चन नाही, पण धागा वाचून रायलो, चालते ना?

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते रोज संध्याकाळी. ज्या बुढ्यांना स्वतःची सही येत नाही त्यांना पूर्ण पाठ. बाजूच्या पुऱ्यात विहारात त्रिशरण पंचशील, तिथं तीन वर्षांचं लेकरू पण हात जोडून म्हणते. वारकऱ्यांचा हरिपाठ तं सगळ्यांना माहीतच. कोणी पट्टी मारत नाही, कोणी टिफिन देत नाही, सगळे मिळून रोज म्हणतात म्हणून बसते तोंडात. तुमच्यावाल्या लोकांनी चाल सोडली काय? गद्य पाठ करणं म्हणजे विनाकारणचा ताप आहे बापा.

---

जुनी_पानं | बुधवार, रात्री ८:०५

खंजिरी भाऊ, चालते काय विचारता, तुम्ही तर नेमकं बोललात. आमच्याकडं चाल होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तेच केलं. त्यांना नवा करार मिळाला तो नागपूर-राजनांदगावच्या आगगाडीत, एका अनोळखी साहेबानं हातात दिला, आणि डोंगरावरचं प्रवचन वाचताना त्यांना ते खाली ठेववेना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि पुढं आयुष्यभर अभंग, भजनं रचली, कीर्तनं केली. खेड्यातल्या न वाचणाऱ्या मंडळीत शास्त्र पोचलं ते या टाळ-मृदंगाच्या वाटेनं. आता कीबोर्ड आला, स्क्रीनवर ओळी येतात, स्क्रीन गेली की सगळे गप्प. मागच्या नाताळात आमच्याकडं तसंच झालं, तिसऱ्या कडव्याला लाईट गेली आणि फक्त मागच्या बाकावरच्या चार बाया गात राहिल्या.

पंडिता रमाबाईंचंही असंच. आईनं जंगलात बसवून संस्कृत शिकवलेलं, भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच मुखोद्गत, आई-वडील दुष्काळात गेले. पुढं ख्रिस्ती झाल्यावर इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम केडगावला बसून १९२२ मध्ये जाईपर्यंत केलं. मला नेहमी वाटतं की ते काम त्या लहानपणच्या पाठांतरावर उभं आहे, शब्द कानात ठेवायची सवय तिथली. टीकाकारांचा पोपट असा पण निघतो कधी कधी.

---

टीकाकार_तुरीचा | बुधवार, रात्री १०:३०

ठीक आहे, मग मी खरं कारण सांगतो. पट्टी-बिट्टी मी गमतीनं लिहिलं.

चार वर्षांआधी माझा चुलतभाऊ गेला. कसा गेला ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, कर्ज होतं, बोंडअळीनं दोन वर्षं लागोपाठ खाल्लं होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला आले. चांगली माणसं, मी नाही म्हणत नाही. त्यातल्या एकानं वहिनीसमोर बसून खडाखडा वचन म्हटलं, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, रोम ८:२८, संदर्भासकट. वहिनी काही बोलली नाही, उठून आत गेली आणि आतून कडी लावली. बाहेर तो माणूस दुसरं वचन सुरू करून बसला होता. मला त्याची कॉलर धरावी वाटली. त्याला पाठ नसतं तर गप्प तरी बसला असता.

त्याच दिवशी गावातली एक म्हातारी आली, आमच्या मंडळीची पण नाही ती. आली, मागच्या दारानं गेली, दोन्ही लेकरांना आंघोळ घालून दिली, तेल लावलं, भात टाकला आणि निघून गेली. एक शब्द नाही.

तेव्हापासून कोणी वचन फेकून मारलं की माझं डोकं सरकते. ज्याला जास्त पाठ तो जास्त फेकते, हा माझा अनुभव.

---

वर्धेकरीण | बुधवार, रात्री १०:५८

भाऊ, वाचून गलबलून आलं. वहिनी आणि लेकरं कशी आहेत आता?

एक म्हणू का. तुमच्या मास्तरांनी ज्याच्यावर बंदी घातली होती, त्या दिवशी त्या घरात तेवढं एकच वचन चाललं असतं.

---

पाळकबंधू | गुरुवार, सकाळी ६:२०

टीकाकार, तुमचा राग मला लागू आहे. मी पण हे केलंय, नवीन पाळक होतो तेव्हा. मयताच्या घरी शांतता झाली की आम्हाला भीती वाटते, ती भरायला वचन काढतो. आपल्या घाबरण्याला आपण सेवा म्हणतो.

बायबलातल्या ईयोबाचे मित्र आठवा. त्याची लेकरं, मालमत्ता सगळं गेल्याची बातमी ऐकून आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही (२:१३). त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. नंतर तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय बिघडवून ठेवले, शेवटी देवच म्हणतो की हे माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत (४२:७).

आणि इथं गुरुजींची हरवलेल्या पोराची गोष्ट येते. ईयोब ८:७ किती घरात टांगलेलं पाहिलंय मी, सुरुवात थोडी असली तरी शेवट मोठा होईल या अर्थाचं ते वचन. पिठाच्या चक्कीत, कृषी केंद्राच्या काउंटरमागे, लग्नपत्रिकेवर सुद्धा. बोललंय कोण? बिल्दद. त्याच तीन मित्रांतला. आणि त्याच्या आधीच्या तीन वचनांत तो ईयोबाला सांगतोय की तुझ्या लेकरांनी पाप केलं असेल म्हणून मेली. लेकरं गेलेल्या बापाला! चक्कीवाल्या भाऊंना हे सांगू की नको या विचारात माझे तीन वर्षं गेले, दर महिन्याला दळण घेऊन येतो आणि गप्प बसतो.

यिर्मया २९:११ पण तसंच, परमेश्वराच्या योजना हिताच्या आहेत वगैरे, दहावीच्या निकालाला सगळे स्टेटसला ठेवतात. त्याच्या वरच्याच वचनात ७० वर्षं लिहिलेली आहेत. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे ते, वाचणाऱ्यांपैकी बरेच जण परत यायच्या आत मरणार होते. ते कळल्यावर वचन लहान होत नाही, पण ते स्टेटसला ठेवायचा हात थोडा थांबतो.

सैतानाला पण पाठ होतं. मत्तय ४ मध्ये तो स्तोत्र ९१ म्हणतो, दूत तुला हातांवर झेलतील. मूळ स्तोत्रात "तुझ्या सर्व मार्गांत" राखतील असं आहे, तेवढे शब्द त्यानं गाळले. येशूनं तिन्ही वेळा उत्तर दिलं ते बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातून, आठव्या आणि सहाव्या अध्यायातून. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस, रानात, गुंडाळी उघडायला जवळ काही नाही. आणि वधस्तंभावर तोंडातून निघालं ते २२ वं स्तोत्र आणि ३१ वं. तिथं कोणाला उपदेश नव्हता करायचा. दुसऱ्यासाठी पाठ केलेलं आणि स्वतःसाठी पाठ केलेलं यात मला आता फरक वाटतो, पण हे मी अजून नीट मांडू शकत नाही.

---

टीकाकार_तुरीचा | गुरुवार, सकाळी ८:४४

चक्कीवाल्याला सांगू नका हो, राहू द्या बिचाऱ्याला.

वहिनी बरी आहे, अंगणवाडीत मदतनीस लागली. वर्धेकरीण ताई, तुमचं ते रात्री वाचलं आणि योहानाचा अकरावा अध्याय काढून पूर्ण वाचला, लहानपणी त्यातले दोनच शब्द घेतले होते. मेलेल्या लाजराला आता उठवणार हे येशूला माहीत होतं तरी तो रडला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, का सांगितलं असंल आणि आमचं लक्ष टिफिनावर असंल.

---

खंजिरी | गुरुवार, दुपारी १:०५

चक्कीवाल्या भाऊची सुरुवात थोडी होती हे तरी खरं असंल न बाप्पा 😄

---

संत्रा_बर्फी | गुरुवार, संध्याकाळी ५:३०

मला एक प्रॅक्टिकल अडचण आहे, कोणी बोलतच नाही त्यावर. भाषांतर कोणतं? सासूबाई जुनं म्हणतात, मी ॲपवरचं, मुलगी कॉन्व्हेंटात इंग्रजीतून शिकते. घरी प्रार्थनेला तिघी तीन तऱ्हेनं म्हणतो, "उणे" वरून गाडी अडते, मुलगी विचारते उणे म्हणजे मायनस का. गणिताच्या हिशोबानं बरोबरच आहे तिचं. परमेश्वर मेंढपाळ असेल तर मला काही मायनस होणार नाही!

---

जुनी_पानं | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

मायनस भारी!! आमच्या गावात तीन मंडळ्या आणि तीन भाषांतरं. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, मंडळ्या एक होऊ शकतात पण आमच्या घरात दोन जावांचं भाषांतर एक होत नाही.

माझं मत, समजून घ्यायला सोपं वाचा, पाठ करायला जुनं घ्या. जुन्याला ठेका आहे, जीभ अडखळत नाही. आणि घरात ज्याला आधीपासून पाठ आहे त्याचं घ्या, सासूबाईंचं. आता या वयात त्या बदलणार नाहीत.

---

जागल्या | गुरुवार, रात्री ९:५०

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळे मायले वाचून दाखवले. तुरीवाल्या भाऊंचं वाचलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मंग म्हणे त्या म्हाताऱ्या बाईले काही शिकवाची गरज नव्हती.

मी तिले विचारलं की तू पाठ केलं कसं, तू तं चौथीपर्यंतच शिकली. तं तिनं जे सांगतलं ते जसंच्या तसं लिहितो. यवतमाळले तेव्हा ती मोठी सेमिनरी होती, युनियन बिब्लिकल सेमिनरी, १९८३ साली पुण्याले गेली ती. तिथले शिकणारे पोरं रविवारी खेड्यात यायचे, माय दहा-अकरा वर्षांची असंल. एक जण तिले रविवारी एक वचन सांगून जायचा. लिहून घ्यायले वही नाही. सोमवारपासून कापूस वेचायले जायची तिच्या मायसोबत. पात धरली की वचन सुरू करायचं, बोंडामागं एक शब्द, पात संपली की धुऱ्यावर उभं राहून पूर्ण म्हणायचं, चुकलं तं परतीच्या पातीत तेच. ओटी भरली की रिकामी करायची आन पुन्हा पहिल्यापासून. "पातीले एक वचन, पण म्हणाचं मोठ्यानं," म्हणे, "मनात म्हटलं तं बोलाचे शब्द मधातल्या मधात गळतात आन आपल्याले समजत नाही." पाळक साहेबांचा तो पारव्यावाला शब्द तिले सांगतला तं म्हणे बाया वेचताना तसंच वाटे, एक तिकडं घुमून रायली, एक इकडं.

आन मंग मी तिच्यासमोर तेविसावं म्हणाले लागलो. चौथ्या वचनात तुझी काठी व तुझी आकडी म्हटलं तं तिनं लगेच थांबवलं. आकडी आधी. मी म्हटलं काय फरक पडते. ती म्हणे, "तू बकऱ्या चारल्या नाही म्हणून विचारतं. आकडीनं पाला पाडून खाऊ घालतात, काठीनं कुत्रं हाकलतात. पहिले पोट, मंग भांडण."

आता हा अर्थ बरोबर आहे का नाही ते पाळक साहेबांनी सांगावं.

---

पाळकबंधू | गुरुवार, रात्री १०:२५

इब्रीच्या हिशोबानं पाहिलं तर उलट निघेल, पहिला शब्द शेवेत, तो सोटा, जनावरापासून राखायला, आणि दुसरा मिश्एनेत, टेकायची काठी. पण आपल्या मराठीत "आकडी" आहे आणि ज्यानं तो शब्द निवडला त्यानं कुठंतरी धनगराच्या खांद्यावर ती पाहिलीच असणार. पालं टाकून वावरात मेंढ्या बसवायला येतात ना, त्यांच्याजवळ असते ती आकोडीची लांब काठी. मी मायच्या अर्थावर या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी बोलणार आहे, त्यांची परवानगी विचारा. इब्री पण सांगीन, पण मागून.

---

गुरुजी_झेडपी | गुरुवार, रात्री १०:४१

पातीला एक वचन, धुऱ्यावर परीक्षा, चुकलं तर परतीत तेच. एबिंगहाऊसला वेचणीला न्यायला पाहिजे होतं.

---

टीकाकार_तुरीचा | शुक्रवार, सकाळी ७:५५

मायला माझा सलाम सांगा. मी पाठांतर करतो असं म्हणणार नाही, पण तो अकरावा अध्याय मोठ्यानं वाचून पाहिला काल वावरात. बैलांनी मान वळवून पाहिलं.

---

जागल्या | सोमवार, रात्री ९:१०

धागा वर काढतोय, एवढंच सांगायले.

शनिवारी परत रात्रपाळी होती. लाईट गेली नाही, मोबाईल ७० टक्के होता, काही फुरफुरलं पण नाही. तरी खिशातच ठेवला आन पाईप बदलवता बदलवता तेविसावं पूर्ण म्हटलं, आकडी आधी, काठी मागून. पाचव्याच्या शेवटी पात्र काठोकाठ भरलं तिथं पाय पाटात गेला आन बूट भरला, ते वेगळं. त्या ॲपवरचे सलग दिवस तुटले, परवा शून्य दाखवून रायलं होतं.

माय परवानगी देते म्हणे, पण रविवारी स्वतः पुढच्या बाकावर बसून ऐकणार आहे, पाळक साहेब चुकले तं तिथंच सांगीन म्हणते. आता मले १२१ घ्याले लावलं तिनं. विहिरीकडच्या तुकड्यात आठ पाती वेचायच्या राहिल्या आहेत, आन १२१ मध्ये वचनं पण आठच आहेत.